संत सेबॅस्टियन बाणांनी मेलेच नाहीत? मग फोटोत बाण का?

विजापूर_रोडकर
नमस्कार मंडळी. आमच्या वरच्या मजल्यावर वसईचं एक कुटुंब राहतं, संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेलो तर काकू मेणबत्ती लावून प्रार्थना करत होत्या. समोर फोटो, एक तरुण झाडाला बांधलेला, छातीत, मांडीत, बरगडीत बाण आणि नजर वर. संत सेबॅस्टियन म्हणाल्या, 20 जानेवारीला सण असतो म्हणून नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, चालू आहे. मी सहज म्हटलं बाण लागून गेले का, तर म्हणाल्या नाही रे बाळा, बाणांनी नाही गेले. तेवढ्यात त्यांच्याकडं पाहुणे आले आणि विषय तिथंच राहिला, तेव्हापासून डोक्यातनं जाईना झालंय. कुणी सांगेल का नीट?

वसईची_माहेरवाशीण
काकू बरोबर सांगतात. सेबॅस्टियन रोमच्या सैन्यात अधिकारी होते, सम्राट डायोक्लेशियनच्या अगदी जवळच्या पहाऱ्यात. तुरुंगातल्या ख्रिस्ती लोकांना गुपचूप भेटून धीर द्यायचे, ते उघडकीस आलं आणि सम्राटाने त्यांना बांधून तिरंदाजांच्या हवाली केलं. जुन्या चरित्रात म्हटलंय की बाणांनी अंग साळिंदरासारखं झालं होतं. मेले समजून सोडून गेले. रात्री आयरीन नावाची विधवा देह न्यायला आली, दफन करायला, तर श्वास चालू! तिने घरी नेलं आणि बरं केलं. लोक म्हणाले आता रोम सोडून जा, पण ते गेले नाहीत. सम्राट जिथनं जाणार होता तिथं जाऊन उभे राहिले आणि निरपराध लोकांना का छळतोस म्हणून तोंडावर विचारलं. मग मात्र सोट्यांनी मरेपर्यंत मारलं आणि देह गटारात टाकला, लुसिना नावाच्या बाईने तो काढून आपियन रस्त्याकडेच्या भूमिगत दफनभूमीत पुरला, त्या जागेवर आजही त्यांच्या नावाचं चर्च आहे. मला विचाराल तर बाणांपेक्षा ते परत जाणं मोठं. दुखणं काय असतं ते अंगावर माहीत असताना गेले की ओ.

जुना_मिशन_कंपाउंड
आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्याकडे संतांना प्रार्थना करत नाहीत, तरी हा विषय मला फार जवळचा आहे म्हणून लिहितो. वरची हकिगत पाचव्या शतकातल्या चरित्रातली, म्हणजे त्याच्या मरणानंतर दीडेकशे वर्षांनी लिहिलेली, तेव्हा त्यातला शब्द न् शब्द इतिहास धरू नये. पण माणूस खरा. रोमच्या 354 सालच्या पंचांगात 20 जानेवारीला त्याचं नाव आहे, आणि मिलानचा बिशप अँब्रोज चौथ्या शतकातच लिहितो की हा मूळ मिलानचा आणि रोममध्ये रक्तसाक्षी झाला, म्हणजे श्रद्धेसाठी मारला गेला. आता बाणांचं. रोममधल्या एका चर्चमध्ये सातव्या शतकातलं मोझॅक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र, आहे त्यात सेबॅस्टियन चक्क दाढीवाला वयस्क आहे, एकही बाण नाही! बाणवाला तरुण नंतरच्या चित्रकारांनी रूढ केला. त्यात साथीचा संबंध आहे, अचानक येऊन लागणारा रोग म्हणजे बाण अशी जुनी समजूत, आणि 680 च्या प्लेगमध्ये इटलीतल्या पाविया शहरात त्याच्या नावाची वेदी बांधल्यावर साथ हटली असं पुढच्या शतकातल्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. तिथनं तो साथीतला संत झाला.
आणि एक, मार्टर हा शब्द ग्रीक, त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. म्हणून आपल्याकडं रक्तसाक्षी म्हणतात. सोलापुरात हुतात्मा म्हटलं की मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा डोळ्यासमोर येतात, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो आणि रक्तसाक्षी म्हणजे ज्याने रक्ताने साक्ष दिली तो. मला दुसरा शब्द सेबॅस्टियनला जास्त बसतो असं वाटतं, कारण तो सम्राटापुढं बोलायला गेला होता, मरायला नाही.

नाईट_ड्युटी
मी नर्स आहे, ख्रिश्चन नाही. माझं सगळं लक्ष त्या आयरीनवरच गेलं. चिकटलेलं ड्रेसिंग काढताना आम्ही आधी सलाईनने भिजवतो, थांबतो, मग कडेकडेने सोडवतो, तरी पेशंट हात घट्ट धरतो. तिच्याकडं ना सलाईन ना भूल, आणि बाण किती! वर पकडली गेली असती तर तिचीही तीच गत. रात्री एकटी प्रेत न्यायला गेलेली बाई आणि प्रेत श्वास घेतंय, काय झालं असेल तिला. तिचा कुठं सण असतो का?

वसईची_माहेरवाशीण
असतो ना, तीही संत आहे. आयरीन बाण काढतेय अशी बरीच चित्रं आहेत, कंदिलाच्या उजेडातली, नक्की बघा. केरळात तर सेबॅस्टियनच्या सणाला बाणाचीच मिरवणूक निघते, अर्थुंकलच्या चर्चमध्ये शबरीमलाहून परतणारे अय्यप्पा भक्तसुद्धा येऊन गळ्यातली माळ उतरवतात.

विजापूर_रोडकर
सगळ्यांचे आभार. काकूंना हे वाचून दाखवलं, आयरीनचं आलं तिथं त्यांचे डोळे भरले. 20 ला त्यांच्यासोबत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, चाललोय, सोबत काय न्यावं लागतं?

वसईची_माहेरवाशीण
काही नाही, एक मेणबत्ती बास. काकूंना जिने उतरताना हात द्या.