दुसरी बाइक, तीही डबलसीटसाठी: सव्वा लाखात काय घ्यावं?

स्प्लेंडरवाला
ऑफिसला स्प्लेंडर आहे, ती विकणार नाही. पण सुट्टीत बायकोला घेऊन भोर, वाई, जमलं तर कुंभार्लीमार्गे चिपळूण करायचंय. ९७ सीसीत दोघं आणि एक सॅक घेऊन खंबाटकी चढताना ट्रकवाले मागून हॉर्न मारून जीव खातात. बजेट सव्वा लाख, ट्रान्सफर आणि दुसरं हेल्मेट धरून. यादीत तिन्ही सेकंडहँड: होंडाची हायनेस सीबी३५०, रॉयल एनफिल्डची २०२१ नंतरची क्लासिक ३५० आणि बजाजची ॲव्हेंजर २२० क्रूझ. माझा कल ॲव्हेंजरकडे. स्वस्त मिळते, शिवाय मागच्याला पाठ टेकता येते. बोला.

घाटमाथा
पाठ टेकायला मिळाली म्हणून मणका वाचत नाही. ॲव्हेंजरवर तुझी सीट ७३७ मिमीवर, पाय पुढे, तू ऐटीत. मागचा माणूस मात्र थेट मागच्या चाकावर. खड्डा आला की पायावर जोर देऊन जरा उठावं, तर पाठीमागे टेकू अडतो. सातारा हायवेला मजा येईल, पाटणच्या पुढे शिव्या खाशील. हायनेस घे. ३० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, तोही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, ३००० आरपीएमलाच, त्यामुळे घाटात सारखा गिअर पाडावा लागत नाही. वजन १८१ किलो, क्लासिकचं १९५. दोघांना घेऊन उतारावर पार्किंगमधून गाडी मागे ओढताना हे १४ किलो कळतात.

क्रूझर_कोल्हापूर
ॲव्हेंजरला नावं ठेवणारे बहुतेक मागे बसलेलेच नसतात. आमच्या आई नऊवारीत बसतात, ३५० वर त्यांना चढवायला स्टूल लागेल. आणि हायनेस बिघडली तर होंडाचं मोठ्या गाड्यांचं शोरूम, बिगविंग, शोधत शहरात यायचं का? ॲव्हेंजरचं इंजिन पल्सर २२० च्या घरातलं, तालुक्याचा मेकॅनिकसुद्धा उघडतो.

हिशेबी
मूळ प्रश्नच चुकलाय. महिन्यातून दोनदा फिरायला दुसरी गाडी कशाला? उभी राहून बॅटरी बसते, चेनला गंज चढतो, इन्शुरन्स आणि पीयूसी चालूच. वर सोसायटीत पार्किंगवरून भांडणं. स्वारगेटहून एसटीने जा, तिकडे स्कूटर भाड्याने घ्या. नाहीतर स्प्लेंडर विकून होंडाची एकच युनिकॉर्न घ्या, ऑफिस आणि बायको दोन्ही खूश.

मागची_सीट
इतक्या वेळ सीसी आणि टॉर्क चाललंय, बसणारीला कुणी विचारलं का? गेली कित्येक वर्षं मी मागेच बसते, तर ऐका. पहिलं, फूटपेग, म्हणजे पाय ठेवायचे खुंटे. ते वर असतील तर गुडघे मुडपून तासाभरात पाय बधिर. दुसरं, सीटचा उतार. पुढे झुकलेली सीट असली की प्रत्येक ब्रेकला हेल्मेटवर हेल्मेट आपटतं आणि चालवणारा म्हणतो, "नीट बस की!" तिसरं, हात. स्प्लिट सीटच्या गाड्यांचे ते दोन बारीक दांडे माझ्या कमरेच्या मागे कुठेतरी असतात, हात उलटा वळवून धरायचे. सरळ, लांब, एकसंध सीट आणि तिच्याभोवती धरायला जाड दांडा, म्हणजे ग्रॅबरेल, एवढं द्या. या हिशेबात हिशेबींची युनिकॉर्न तुमच्या तिन्ही गाड्यांच्या पुढे आहे. दिसायला पोस्टमनची गाडी, पण उतरल्यावर कंबर धरावी लागत नाही.

घाटमाथा
ताई, फूटपेगचं शंभर टक्के मान्य. पण युनिकॉर्नची १३ अश्वशक्ती दोन माणसं आणि सामान घेऊन कुंभार्लीत धापा टाकणार, स्प्लेंडरचंच दुखणं पुन्हा.

मागची_सीट
मग टाकू देत. आम्ही फिरायला निघतो, शर्यतीला नाही. एक्स्प्रेस वेवर दुचाकीला तसाही प्रवेश नाही, जास्तीची ताकद घेऊन पळवणार कुठे?

क्रूझर_कोल्हापूर
हे मात्र खरं बोललात!

कागदपत्रे_आधी
गाडी कुठलीही घ्या, दोन गोष्टी. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली तरी जुनीचा मालक अजून जुनाच भाव सांगतो, तेव्हा शोरूमची किंमत मोबाइलवर दाखवूनच घासाघीस करा. दुसरं, आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की १४ दिवसांत इन्शुरन्स नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सवर मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, भाव वाढवायचं ते कारण मालक सांगत असेल तर हसून सोडा. आणि साडी गार्ड जागेवर आहे का बघा. बरेच जण 'लूक'साठी काढून टाकतात. मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असणं नियमातच आहे, आणि ओढणी चाकात गेली की काय होतं ते कुणाला सांगायला नको.

घाटमाथा
आणि डबलसीट निघताना मागच्या टायरची हवा वाढवा. सिंगल आणि डबलचे वेगळे आकडे गाडीवरच्या स्टिकरवर असतात, वाचत कोणी नाही. मागचे शॉक एक-दोन खाचा कडक करा. निम्म्या "मागे फार आपटतं" तक्रारी तिथेच मिटतात.

स्प्लेंडरवाला
हिशेबी, स्प्लेंडर विकायची नाही म्हणजे नाही, ती वडिलांनी घेतलेली आहे. धागा बायकोला वाचायला दिला. ॲव्हेंजर तिने फोटो बघूनच कटाप केली. रविवारी कात्रजला एक २०२१ ची हायनेस बघतोय, मालक एक लाख अठराला अडलाय. बोगद्यापर्यंत डबलसीट चालवू देणार असेल तरच जाऊ, असं तिने बजावलंय, मालकाला तसं कळवलंय. युनिकॉर्नच्या शोरूमची वेळही घेतलीय. कुणाकडे हायनेसचं जादा बॅकरेस्ट असेल तर सांगा.

हिशेबी
गाडी घ्यायच्या आधी बॅकरेस्ट. चालू द्या.