संक्रांत: तिळगूळ यंदा घरचाच

प्रेषक: संक्रांत समिती
सर्वांना नमस्कार,
यंदाचं हळदीकुंकू आणि तिळगूळ रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी आहे. विकतची पाकिटं आणायची नाहीत असं बैठकीत ठरलं. लाडू, वड्या, हलवा, ज्यांना जे जमेल ते त्यांनी घरी करून आणावं, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यांना हाताशी घेऊन करावं. कोण काय आणणार ते याच मेलला रिप्लाय-ऑल करून कळवा. रिप्लाय-ऑल कशासाठी करायचा नाही, हे मागच्या महिन्यात सविस्तर झालेलंच आहे.

प्रेषक: नवीन सभासद
सा. न. वि. वि.
मी लिस्टवर नवीन आहे, डेन्व्हरला येऊन फार दिवस झाले नाहीत. लेकीचं पहिलं बोरन्हाण आहे. आई-बाबा मार्चपर्यंत इथेच आहेत. हलव्याचे दागिने घरी करावेत असं आईच्या मनात आहे, बाबा म्हणतात मागवून टाक. मोठा मुलगा सात वर्षांचा. त्याला काम दिलं नाही तर तो स्वतः शोधतो, आणि ते आम्हाला परवडत नाही. घरात मोठी माणसं चार, शेगडी काचेची इलेक्ट्रिक, हाताशी दोन वीकेंड. एवढ्यात लाडू आणि हलवा दोन्ही होतील का? कोणाला काय काम द्यावं?

प्रेषक: माई
अरे, आधी स्वागत. दोन्ही होईल, पण एकाच दिवशी काढू नकोस. दोन्हींचा स्वभाव अगदी उलटा आहे. तिळाच्या लाडवाला एका वेळी खूप हात लागतात, पण पाच-सात मिनिटंच. हलव्याला एका वेळी एकच हात लागतो, पण तो दिवसभर. म्हणून घरात माणसं किती आणि कशी आहेत ते बघून कोणाला कुठे बसवायचं ते ठरवावं. नाहीतर 'सगळ्यांनी मिळून करू या' म्हणत एका कढईभोवती सहाजण उभे राहतात, आणि काम एकटीच करत असते.

लाडवाची बरीचशी तयारी आदल्या संध्याकाळी उरकून घे. दोन वाट्या तीळ, पाऊण वाटी दाण्याचं जाडसर कूट, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, दीड वाटी चिरलेला चिक्कीचा गूळ, चमचाभर तूप, वेलची. तीळ बिनपॉलिशचे मिळाले तर तेच घे, पांढऱ्याधोप तिळाला चव कमी. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे आणि चिमटीत चुरडून बघायचे. कच्चे असतील तर नुसते चेपतात. तीळ निवडणं आणि वेलची सोलणं नातवाकडे. पाकिटातल्या तिळात खडे नसतात असं त्याला सांगू नकोस, नाहीतर तो निवडणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाक. पाकाला एकच माणूस, म्हणजे तुझी आई. तिने विचारल्याशिवाय कोणी सल्ला द्यायचा नाही. बाकीच्यांनी ताटांना तुपाचा हात लावून, पाण्याच्या वाट्या घेऊन बसायचं. गूळ-तूप विरघळून फेस वर आला आणि रंग जरा गडद झाला की पाण्यात थेंब टाकायचा. आधी तो पसरतो. मग गोळी होते, पण बोटाने चेपते. मग ती गोळी ताटलीत टाकली की टण् वाजते. खुटखुटीत लाडू हवे असतील तर टण् वाजल्यावर उतरव. बाबांच्या दातांचा प्रश्न असेल तर साधा गूळ घे आणि चेपणाऱ्या गोळीवरच थांब. वाटीतलं पाणी मात्र भरून आधी थोडा वेळ ओट्यावर राहू दे. इथे जानेवारीत नळाला येतं ते पाणी इतकं गार असतं की कच्च्या पाकाची गोळीसुद्धा त्यात कडक लागते, आणि माणूस फसतो.

आणखी एक, काचेच्या शेगडीसाठी. बटण बंद केलं म्हणजे पाक थांबला असं नाही. खालची प्लेट तापलेलीच असते, तेवढ्यात पाक पुढे जातो. कढई उचलून बाजूलाच ठेवायची. मग तीळ, कूट, खोबरं, वेलची एकदम आत, भराभर ढवळायचं, अर्धं मिश्रण ताटात काढायचं आणि अर्धं गरम कढईतच ठेवायचं. तिथून पुढे गप्पा बंद. ओल्या हाताने एकाने नुसते गोळे तोडून टाकत जायचं, वाटोळे करण्याच्या भानगडीत पडायचं नाही. दुसऱ्याने ते दाबून गोल करायचे. मुलगा तिसरा. त्याच्यापर्यंत गोळा कोमट होऊन येतो, त्याने तो तळहातावर फिरवून गुळगुळीत करायचा. रांग लागली की घाणा हां हां म्हणता संपतो. एकटीने तेच करायला बसलं तर शेवटचा पाव भाग कढईलाच चिकटून राहतो, मग कढई पुन्हा गरम करा, पुन्हा वळा. मुलाला कढईजवळ मात्र फिरकू देऊ नकोस. उकळता पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो.

आता हलवा. तो तीळ, खसखस, बडीशेप, कशावरही होतो, पण दागिन्यांना साबुदाण्याचा बरा. दाणा मोठा असतो आणि गुंफायला सोपा जातो. साबुदाणा जाड बुडाच्या परातीत हलका गरम करायचा. वाटीभर साखरेला अर्धी वाटी पाणी घालून एकतारीच्या आसपास पाक करायचा आणि गाळून बाजूला ठेवायचा. परात बोट टेकवता येईल इतपतच गरम हवी. तुमच्या शेगडीची आच मध्येच वाढते, मध्येच बंद होते, म्हणून परातीखाली लोखंडी तवा ठेव. मग चमचाभर पाक, त्याहून जास्त नाही, आणि बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहायचं. आधी दाणे चिकट लागतात, आवाज येत नाही. सुकत आले की परातीत सळसळ सुरू होते. ती सळसळ कोरडी वाटली की पुढचा चमचा. आधीचा थर सुकायच्या आत पाक पडला तर आलेला काटा, म्हणजे दाण्यावर उमटलेली साखरेची टोकं, विरघळतो. जोरात चोळलं तर काटा झिजतो, आणि हात थांबला तर दाणे एकमेकांना धरतात. रोज थोडं थोडं करत तीन-चार दिवस लागतात.

म्हणून हे आजोबा-नातवाचं काम. परात भाजेल इतकी गरम नाही, चाकू नाही, घाई नाही. एकाने चमचा धरायचा, दुसऱ्याने बोटं फिरवायची, कंटाळा आला की बदली. 'मागवून टाक' म्हणणाऱ्यालाच परातीशी बसवावं, हे माझं खास मत.

पाकात लिंबू पिळू नका. पाक आळू नये, त्याची साखर होऊ नये म्हणून एरवी आपण लिंबू पिळतो. हलव्यात तर साखर व्हायलाच हवी, काटा म्हणजे तीच. आणि आपली इथली कोरडी थंडी हलव्याला फार मानवते. मुंबईच्या दमट हवेत एकेका चमच्याला वाट बघावी लागते. फक्त त्या दिवसांत घरातला ह्युमिडिफायर बंद ठेवा.

माई

प्रेषक: नाना
माई, दुरुस्ती नव्हे, पुरवणी.
डेन्व्हर १,६०९ मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० अंशांना नाही, सुमारे ९५ अंश सेल्सिअसला उकळतं. पाकाचंही तसंच. साखरेच्या पाकाचे जे आकडे छापलेले असतात, म्हणजे मऊ गोळीला ११२ ते ११६ आणि कडक गोळीला १२१ ते १३०, ते समुद्रसपाटीचे. इथे तेच आकडे गाठायला गेलं तर तोवर पाणी जास्त उडून गेलेलं असतं आणि पाक पुढच्या पायरीला पोचलेला असतो. थर्मामीटर वापरणाऱ्यांनी आधी तो उकळत्या पाण्यात धरावा, १०० ला जितके अंश कमी दिसतील तितके पाकाच्या आकड्यातून वजा करावेत. आपल्याकडे पाच धरा. डोंगरात अजून वर राहणाऱ्यांनी दर ३०० मीटरला साधारण एक अंश आणखी.
नव्या सभासदाने मोठ्या माणसांची वाटणी करताना थर्मामीटर धरायला एक माणूस जरूर ठेवावा. आमच्या घरी मला तेवढंच काम दिलं जातं.

प्रेषक: माई
नाना, हिशेब पटला. पण वाटीतल्या पाण्याला समुद्रसपाटी ठाऊकच नसते. थेंब पाण्यात गार झाला की तो कितीला उकळत होता याला अर्थ उरत नाही, त्यात साखर किती आणि पाणी किती एवढंच बोटाला कळतं. गोळी कोकणात चेपते तशीच इथेही चेपते. शिवाय गूळ म्हणजे निव्वळ साखर नव्हे. एका ढेपेचा गूळ दुसरीसारखा वागत नाही, तिथे आकडा फार तर वाटीकडे कधी वळायचं ते सांगेल. हलव्याच्या पाकाला तुमचा थर्मामीटर चालेल, तो साखरेचा असतो. या, घेऊन बसा.

प्रेषक: दादा
ज्यांचे आई-वडील तिकडे आहेत त्यांच्यासाठी: सध्या आपल्यात आणि भारतात साडेबारा तासांचा फरक आहे. शनिवारी सकाळी आठला इथे कढई चढवली की तिकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, सगळे जेवून निवांत. फोन पाण्याच्या वाटीच्या वर टेकवून ठेवा, कढईच्या वर नाही, वाफेने काच धुरकटते. पुण्यातून आई गोळी बघून अचूक 'उतरव' म्हणते. टण् आवाज मात्र फोनवर नीट पोचत नाही, तो तुमचा तुम्हीच ऐकायचा.

प्रेषक: एका मुलाची आई
माझ्या मुलाला तिळाची ॲलर्जी आहे, म्हणून दोन शब्द. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जन म्हणून पाकिटावर छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे विकतच्या वस्तूचं मला कळतं. घरच्या डब्यावर काहीच नसतं. समारंभात कोणीही प्रेमाने 'घे रे बाळा' म्हणतं आणि त्याला हात मागे घ्यायला लागतो.
साबुदाण्याचा हलवा त्याला चालेल, पण परात, चमचा आणि हात तिळाला लागलेले नसतील तरच. घरी दोन्ही करणार असाल तर आधी हलवा करावा, तीळ नंतर काढावेत. शेंगदाण्याचंही काही घरांत असंच असेल. डब्यावर काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून लावाल का? आणि शाळेत वाटायला पाठवण्याआधी शिक्षकांना विचारा. आमच्या शाळेत घरी केलेला कुठलाच खाऊ चालत नाही.

प्रेषक: संक्रांत समिती
चिठ्ठीची सूचना मान्य, सर्व डब्यांना लागू. तीळ आणि शेंगदाणे नसलेल्या पदार्थांचं टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला मांडू, तिथे वाढायला वेगळी माणसं राहतील. जे दोन्ही प्रकार आणणार आहेत त्यांनी डबे वेगळ्या पिशव्यांतून आणावेत. आतापर्यंत आलेल्या उत्तरांत लाडूच लाडू आहेत, वडीचं नाव कोणी काढलेलं नाही. गुळाची पोळी आणणार का असं तीन घरांतून विचारलं आहे, आणणारं घर एकही नाही.

प्रेषक: नवीन सभासद
माई, नाना, सगळ्यांचेच आभार. वाटणी ठरली. पाक आईकडे, गोळे तोडायला मी, वळायला बायको, गुळगुळीत करायला चिरंजीव. बाबा परातीशी. त्यांना माईंचं मत वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि साबुदाणा कुठे आहे ते विचारलं. आधी साबुदाण्याचा हलवा, तीळ पुढच्या वीकेंडला, म्हणजे दुसऱ्या टेबलालाही आमचा एक डबा येईल.
आता आईचा प्रश्न: हलव्याला भोक पाडता येत नाही, मग हार ओवायचा कसा?

प्रेषक: काकू
ओवायचा नाही, गुंफायचा. दोऱ्याचा फास करून त्यात दाणा धरायचा आणि ओढून गाठ मारायची, मग पुढचा दाणा. काटा असतो म्हणून दोरा घसरत नाही, गुळगुळीत हलवा फासात टिकत नाही. दोरा सुती घ्या, नायलॉनची गाठ सुटते. मुकुट आणि कंबरपट्टा यांना पुठ्ठा कापून त्यावर काळं कापड चढवा आणि गुंफलेल्या सरी त्यावर टाचा, पांढरा हलवा काळ्यावर उठून दिसतो. मुलीसाठी बिंदी, हार, बाजूबंद, कंबरपट्टा एवढं पुरे. बांगड्यांच्या नादी लागू नका, पहिल्या टाळीला तुटतात.
बोरन्हाणात डोक्यावरून घालायला बोरं आणि उसाचे करवे ठेवाल, ते एवढ्या लहान लेकराच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतं. चुरमुरे भरपूर घाला. आणि दागिने चढवल्या चढवल्या फोटो काढून घ्या, बाजूबंद ती चाटणारच आहे.