जिल्हा परिषद हायस्कूल: दुसऱ्या सत्रातील उपक्रमांचे वेळापत्रक कसे बसवावे?

प्रश्न – पालक सदस्य, कराड तालुका

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये आठवीत शिकते आणि यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या बैठकीत मुख्याध्यापिकाबाईंनी पुढील उपक्रमांची यादी वाचून दाखवली. तिच्यात तालुका विज्ञान प्रदर्शन, आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा, सहल, क्रीडा सप्ताह, स्नेहसंमेलन, ३ जानेवारीचा बालिका दिन, मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, प्रजासत्ताक दिनाची कवायत, दहावीची पूर्वपरीक्षा आणि निरोप समारंभ एवढे सगळे होते. काही पालकांचे म्हणणे आहे की दहावीच्या मुलांना स्नेहसंमेलनातून पूर्णपणे वगळावे. तर काहींना वाटते की शाळेतल्या शेवटच्या वर्षी तो आनंद त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये. मंगळवारी पुन्हा बैठक आहे. आपापल्या शाळांत हे कसे जमवले जाते, ते कृपया सांगावे.

उत्तर १ – निवृत्त मुख्याध्यापक

ताई, आधी ज्या तारखा आपल्या हाती नाहीत त्या फलकावर लिहून घ्या आणि उरलेल्या जागेत आपले कार्यक्रम बसवा. एनएमएमएस आणि विज्ञान प्रदर्शन यांच्या तारखा वरून येतात. दहावीच्या परीक्षेचेही तेच. पूर्वी दहावीची लेखी परीक्षा बहुधा मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असे, परंतु २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस स्नेहसंमेलन ठेवण्याची जुनी सवय आता परवडणारी नाही. पूर्वपरीक्षा, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा त्याच सुमारास येतात आणि मंडपातला लाऊडस्पीकर सुरू असताना शेजारच्या वर्गात भूमितीची उजळणी होत नाही, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे.

माझ्या मते क्रीडा सप्ताह आणि स्नेहसंमेलन सलग घेऊन नाताळापूर्वी संपवावे. दहावीच्या मुलांना वगळू नये, मात्र त्यांना नाचाच्या सरावात अडकवू नये. सूत्रसंचालन, पाहुण्यांचे स्वागत, हस्तलिखिताचे संपादन, पडद्यामागची वेशभूषा आणि सामानाची यादी ही कामे त्यांनी आठवड्यात दोन तास दिले तरी पार पडतात, आणि मंचावर यायला लाजणारी मुले त्यांतच खुलतात.

सहलीची घाई मात्र आजच करा. एसटीच्या भाड्यात शालेय सहलींना निम्मी सवलत मिळते खरी, पण या दिवसांत आगाराकडे सगळ्याच शाळांची मागणी असते. शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रे हाती आल्याशिवाय बस पक्की करता येत नाही, आणि नेमकी संमतिपत्रेच शेवटच्या दिवसापर्यंत दप्तरात राहतात.

उत्तर २ – माध्यमिक शिक्षिका

सरांच्या मताला पुस्ती जोडते. आपली मुलगी आठवीत आहे, म्हणून एनएमएमएसकडे विशेष लक्ष द्यावे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा अधिक नसलेल्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा देता येते, आणि निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता अशा दोन्ही चाचण्यांत प्रत्येकी ९० प्रश्न असतात आणि प्रत्येकीला ९० मिनिटे मिळतात. एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट येत असल्यामुळे सरावाला पर्याय नाही. परीक्षा डिसेंबरमध्ये असते आणि स्नेहसंमेलनही त्याच महिन्यात घ्यायचे, तर परीक्षेपूर्वीच्या पंधरवड्यात आठवीच्या मुलांचा नाचाचा सराव शाळा सुटल्यावर अर्धा तासच ठेवावा.

दिनविशेषांबद्दल माझे मत थोडे कडक आहे. प्रतिमापूजन, चार भाषणे आणि एक छायाचित्र यांसाठी प्रत्येक वेळी दोन तासिका घालवणे मला पटत नाही. ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस आपल्या जिल्ह्याच्या किती जवळचा आहे! १९०० साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. यंदा आम्ही भाषणे टाळली आणि परिपाठात आमच्याच शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडून मुलांना वाचायला दिले. जन्मतारीख, पूर्वीची शाळा आणि शाळा सोडण्याचे कारण हे रकाने वाचताना, ‘आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला’ या नोंदीपाशी नववीचा वर्ग बराच वेळ थांबला. बालिका दिनालाही असाच एखादा अर्ध्या तासाचा उपक्रम पुरेल.

उत्तर ३ – माजी विद्यार्थी, उंब्रज परिसर

तारीख ठरवताना गावचे पंचांगही पाहावे. आमच्याकडे पौषात पालच्या खंडोबाची यात्रा असते आणि त्या दिवसांत निम्मे वर्ग रिकामे असतात. शिवाय उसाच्या हंगामात पालक दिवसा येऊ शकत नाहीत. कार्यक्रम सायंकाळी ठेवल्यास गर्दी होते, मात्र वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींना घरी पोहोचवण्याची जबाबदारी समितीने आधीच वाटून घ्यावी.

प्रश्नकर्ता पालक

सर्वांचे आभार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचा प्रस्ताव मी मंगळवारी मांडते. दहावीच्या मुलांकडे हस्तलिखित आणि सूत्रसंचालन द्यावे, असेही सुचवीन. मुलींना घरी सोडण्यासाठी वस्तीनिहाय पालकांची यादी करण्याचे काम मी स्वतः घेते. सहलीची संमतिपत्रे उद्यापासूनच गोळा करण्यास वर्गशिक्षकांना सांगितले आहे.