लगद्याच्या तंतूंची फुगवण मोजून अभिक्रियाशीलता ठरवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी आम्हाला व्हिस्कोस (लगद्यापासून बनणारा रेशमासारखा धागा) दर्जाच्या निलगिरीच्या लगद्याची तुलना, या भागात साखर कारखान्यांमुळे सहज मिळणाऱ्या बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) आम्हीच तयार केलेल्या लगद्याशी करायची आहे. अभिक्रियाशीलता, म्हणजे लगद्यातील सेल्युलोज रसायनाशी किती सहज अभिक्रिया करते हे, मोजण्यासाठी फॉक चाचणी रूढ आहे. परंतु तिच्यात कार्बन डायसल्फाइड लागते, आणि ४६ अंश सेल्सिअसला उकळणारा, विषारी व झटकन पेट घेणारा हा द्रव विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची माझी तयारी नाही. म्हणून फुगवणीचा मार्ग निवडला आहे.

अडचण अशी की, १८ टक्के कॉस्टिक सोड्यात तंतू बऱ्यापैकी एकसारखा रुंदावतो आणि लांबीला आखडतो. विरल क्युप्रिएथिलीनडायअमाइनमध्ये (सेल्युलोज विरघळवणाऱ्या तांब्याच्या द्रावणात) मात्र बाहेरची भित्ती जिथे फाटते तिथे फुगा येतो आणि जिथे ती शाबूत राहते तिथे तंतू करकोचा पडल्यासारखा आवळलेला दिसतो. अशा तंतूची रुंदी नेमकी कुठे मोजावी? की रुंदीचा नाद सोडून, फुगे येणारे, सरळ विरघळून जाणारे आणि मुळीच न बदलणारे तंतू किती, एवढेच मोजावे? मला दुसरा पर्याय अधिक बोलका वाटतो, कारण तंतूच्या आत रसायन किती सहज शिरते हे त्यातून थेट कळते. शिवाय आमच्या सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतील मोजपट्टीचा एक भाग अडीच मायक्रॉनचा असून निलगिरीचा कोरडा तंतू जेमतेम सहा-सात भाग व्यापतो. अर्ध्या भागाची चूकही तिथे भारी पडते.

सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी (गुरुत्वाच्या ३००० पट) बलाने पाणी निथळवून जलधारण मूल्य, म्हणजे त्यानंतरही लगदा किती पाणी धरून ठेवतो हे, काढता येईल; पण निलगिरीचा लगदा वाळवलेल्या पुठ्ठ्याच्या रूपात आला आहे आणि आमचा कधीच वाळलेला नाही. वाळताना मिटलेली रंध्रे पुन्हा भिजवल्यावर पूर्ण उघडत नसल्यामुळे ही तुलना मुळातच असमान ठरते. आमचाही लगदा आधी वाळवून घ्यावा का, आणि घ्यायचा तर किती तापमानाला?

आणखी एक. कॉस्टिकमधील फुगवण थंडीत वाढते आणि सांगलीच्या उन्हाळ्यात आमची प्रयोगशाळा चांगलीच तापते. बर्फाच्या पाण्याने द्रावण २० अंशांवर राखता येते, परंतु काचपट्टीवरील थेंब लगेच गरम होतो. त्यावर कोणी साधा, कमी खर्चाचा उपाय केला असल्यास कृपया तपशीलवार सांगावा.