इन्व्हर्टरची बॅटरी २६ महिन्यांत बसली. २०० एएच घ्यावी, लिथियम घ्यावी की ॲसिड बदलावं?

मांजराकाठ
निलंगा तालुक्यातलं गाव. ९०० व्हीएचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची उंच ट्यूब्युलर बॅटरी, घेऊन २६ महिने झाले. लोड म्हणजे साधे पंखे ३, ९ वॅटचे एलईडी ४ आणि वायफायचा राउटर. नवी होती तेव्हा ४ तास चालायची. आता ३५-४० मिनिटांत पीं-पीं करून बंद. प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी जमते. पाणी घातलेलं आहे. दिवसा ३-४ तास लाइट नसते, आणि संध्याकाळी ७ ते ११ व्होल्टेज इतकं पडतं की गल्लीत पंख्याची पाती मोजता येतात. गंमत म्हणजे त्याच वेळी कधीकधी आमच्या घरात अंधार आणि शेजारी बल्ब चालू. मीटरवर पाहिलं तर लाइट असते.
दुकानदार म्हणायलाय, बॅटरी बसली, जुनी द्या अन् २०० एएच घ्या. वायरमन म्हणायलाय, ॲसिड बदलू, वर्षभर चालंल. कोणाचं ऐकावं?

फेज_न्यूट्रल
दोघांचंही थांबवा. "आमच्याकडे अंधार आणि शेजारी बल्ब" या एका वाक्यात निम्मं उत्तर आहे.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा मेनूत एक स्विच असतो: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल (काहींवर इको किंवा वाइड लिहिलेलं असतं). यूपीएस मोडमध्ये साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतली लाइट तो लाइट समजतो. तुमच्याकडे संध्याकाळी १६५-१७० येत असणार. म्हणजे लाइट असूनही त्याच्या हिशेबाने ती गेलेली आहे. ७ वाजल्यापासून तो बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली की बंद पडतो, आणि चार्जिंगही करत नाही. नॉर्मल मोडमध्ये ही हद्द साधारण १०० ते २९० असते. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, मॅन्युअलमध्ये पाहा.

आता हिशेब. पंखे ३ × ७५ = २२५ वॅट, बल्ब ३६, राउटर १०; एकूण २७१ वॅट. १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरचे २० टक्के नुकसान धरून, बॅटरीतून सुमारे २८ अँपिअर निघतात. १५० एएच (अँपिअर × तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) हा आकडा २० तासांत सावकाश रिकामी केली तरचा आहे, म्हणजे ७.५ अँपिअरने. २८ ने ओढली की १२० च्या आसपासच मिळतात. तुमचे ४ तास इथे बरोबर जुळतात.

४ तासांत ११३ एएच निघाले. परत भरताना वीसेक टक्के जास्त घालावे लागतात, म्हणजे १३५. चार्जर १५ अँपिअरचा धरला तर ९ तास, आणि शेवटी करंट आपोआप कमी होत जातो म्हणून प्रत्यक्षात १०-१२. दिवसाची ३-४ तासांची गैरहजेरी आणि संध्याकाळचे ४ तास मिळून बॅटरी रोज दोनदा रिकामी व्हायची, आणि सलग चार्जिंग रात्री ११ नंतरच. रोज थोडं उरतंच. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात आणि तेवढी प्लेट कायमची कामातून जाते. याला बॅटरी बसणं म्हणतात. या स्विचवर २०० एएच लावली तरी तीही अशीच बसेल. भूक वाढवली आणि ताट तेवढंच ठेवलं, असा प्रकार.

मोड बदलल्यावर दोन गोष्टी होतील. लाइट जाताना अदलाबदलीला थोडा जास्त वेळ लागतो, डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर तो रीस्टार्ट होऊ शकतो. आणि कमी व्होल्टेज तसंच घरात येईल, पंखे हळू फिरतील. राउटरला काही होत नाही, त्याचा अडॅप्टर सहसा १०० ते २४० चा असतो. मात्र ट्रान्सफॉर्मरवाल्या इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज पडलं की चार्जिंगचा करंटही पडतो, त्यामुळे ७ ते ११ मधून फार काही पदरात पडेल असं समजू नका.

आधी रीडिंग द्या. रात्री ८ वाजता सॉकेटमध्ये किती व्होल्ट? स्विच कुठे आहे? आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता)?

गोदाकाठ
ग्रॅव्हिटी घ्यायची पद्धत सांगते, कारण बहुतेक जण चुकीच्या वेळी घेतात.

मोड नॉर्मलला टाका, बॅटरी रात्रभर आणि शक्यतो पुढची दुपारही चार्ज होऊ द्या. मग इन्व्हर्टर बंद करून दोन तास काही ओढू नका. हातमोजे, चष्मा, जवळ बादलीभर पाणी. हायड्रोमीटरने प्रत्येक सेल वेगळा मोजा आणि प्लसकडून क्रमाने १ ते ६ लिहून ठेवा. ट्यूब्युलरची पूर्ण चार्ज ग्रॅव्हिटी २७ अंशांना १२४० च्या आसपास. गाडीच्या बॅटरीचा १२६०-१२८० चा आकडा इथे लावू नका. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ॲसिड ४२ अंशांवर असेल तर काटा १० पॉइंट कमी दाखवतो. म्हणजे १२३० दिसले तरी ते १२४० च.

सहाही सेल ११७०-११८० अशा एका ओळीत असतील तर बॅटरी उपाशी आहे. दुकानात ७-८ अँपिअरवर २४ ते ३६ तास सावकाश चार्ज करून, तासातासाची तीन रीडिंग सारखी येईपर्यंत थांबलं तर बरीचशी परत येते. पाच सेल ठीक आणि एकच ११०० च्या खाली असेल तर तो सेल गेला. त्याला इलाज नाही.

ॲसिड बदलणं किंवा वरून घालणं अजिबात नको. चार्जिंगमध्ये उडतं ते फक्त पाणी. ग्रॅव्हिटी कमी दिसते कारण ॲसिडचा भाग सल्फेट होऊन प्लेटवर बसलाय. वरून ॲसिड ओतलं की काटा वर चढतो, मन खूश होतं आणि आतल्या प्लेटा खायला सुरुवात होते. शिवाय वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

"पाणी घातलेलं आहे" म्हणताय, पण कुठलं? बोअरचं नको हे सगळ्यांना माहीत असतं. ज्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं, ते प्लेटांचंही तेच करणार. पण जारचं, आरओचंही चालत नाही, त्यात क्षार उरतातच. एसीचं ठिबकणारं पाणी तांब्या-ॲल्युमिनियमच्या पंखांवरून येतं, तेही नको. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घ्या आणि त्यात टीडीएस मीटर बुडवा; ० ते ५ च्या आत दाखवायला हवा. लेबल लावलेल्या कॅनमध्येही कधी कधी ६०-७० निघतात. फ्लोटच्या हिरव्या खुणेपर्यंतच भरा, आणि भरा ते चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी बुडण्यापुरतं घाला. काठोकाठ भरलं की चार्जिंगमध्ये ॲसिड उतू जातं आणि तुमच्या टर्मिनलवरची भुकटी बऱ्याचदा त्याचीच असते. उन्हाळ्यात दर महिन्याला पाहा. एरवी पोळा आणि येळवस (वेळा अमावस्या) एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आणि बॅटरी देवघराखालच्या कोनाड्यात ठेवली असेल तर आजच हलवा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, वर निरांजन.

पाना_बारा
टर्मिनल राहिलं. भुकटीखाली लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी) सैल असेल तर बॅटरी चांगली असूनही बॅकअप मिळत नाही. लोड चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या शिशाच्या खांबावर व्होल्ट मोजा, मग इन्व्हर्टरच्या वायरच्या टोकावर. ०.३ च्या वर फरक आला तर वायर किंवा लग खातोय. इन्व्हर्टर साधारण १०.५ ला कट होतो. मध्येच अर्धा व्होल्ट गायब झाला तर तो वेळेआधी बंद पडणारच. हात लावून पाहा, गरम लागेल.

साफ करताना इन्व्हर्टर बंद, प्लग बाहेर, आधी निगेटिव्ह काढायची. पान्याला टेप गुंडाळा. पाना दोन्ही टर्मिनलला टेकला तर तिथेच वेल्डिंग होतं. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुन्या ब्रशने घासा, सेलची झाकणं घट्ट असू द्या. सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. पुसून, आवळून, वरून व्हॅसलीन. ग्रीस नको, व्हॅसलीनच.

औंढा_६१
एवढी कटकट कशाला? छतावर सोलर बसवा. पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे. लाइट जाण्याचा प्रश्नच मिटेल.

फेज_न्यूट्रल
औंढा भाऊ, मिटत नाही. त्या योजनेत बहुतेक ठिकाणी बसतं ते ऑन-ग्रिड (थेट महावितरणच्या लाइनला जोडलेलं), आणि लाइट गेली की ते स्वतःहून बंद होतं. मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर तुमच्या छतावरची वीज डीपीवर चढलेल्या माणसाला लागेल. बिल कमी होईल, अंधार तोच. बॅकअपसाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

या केसमध्ये छोटा उपाय वेगळा आहे. सोलरच्या १६५ वॅटच्या, ३६ सेलच्या दोन प्लेटा समांतर आणि २०-३० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर थेट बॅटरीला. स्वच्छ उन्हात दिवसाला ८०-९० एएच आरामात. लाइटच्या व्होल्टेजवर अवलंबून राहणं संपलं. घराच्या छतावर वापरतात त्या मोठ्या, ३७ व्होल्टच्या प्लेटा घेतल्या तर कंट्रोलर एमपीपीटीच (जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा) लागेल, साध्या पीडब्ल्यूएममध्ये निम्मी ताकद वाया जाते. तोंड दक्षिणेला, उतार १८-२० अंश, आणि लिंबाची सावली पडणार नाही अशी जागा. एका प्लेटेच्या कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पन्न धाडकन पडतं.

गोदाकाठ
लिथियमचं कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी वापरायला १५० एएच ट्यूब्युलरएवढीच पडते, वजन १२-१३ किलो, पाण्याची भानगड नाही. तुमच्यासाठी खरा फायदा म्हणजे ती अर्धवट चार्ज राहिली तरी बिघडत नाही. पण इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग असलंच पाहिजे. आणि बऱ्याच सेलना फार गरमीत, काहींना ४५ अंशांच्या वरच, चार्जिंग वर्ज्य, तेव्हा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट) चार्जिंग तोडतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हे दुपारी होऊ शकतं. स्लॅबच्या घरात, खालच्या खोलीत ठेवणार असाल तर विचार करा.

मला विचाराल तर आधी पंखे बदला. ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) ३ पंखे लावले की एकूण लोड १३६ वॅटवर येतो, बॅटरीतून २८ ऐवजी १४ अँपिअर. ४ तासांचे ५७ एएच, आणि ते भरायला साडेचार तास. रात्रीत पोट भरतं. वर लाइट असतानाही ते पंखे कमी व्होल्टेजला रांगत नाहीत. २०० एएचच्या फरकाच्या पैशात एखादा पंखा तरी नक्की निघतो.

मांजराकाठ
मोजलं. रात्री ८ ला १६८ व्होल्ट. स्विच यूपीएसवरच होता, बसवणाऱ्याने तसाच ठेवला. नॉर्मल करून १६ तास चार्ज केली, दोन तास थांबून ग्रॅव्हिटी: १२१५, १२१०, १०९०, १२१५, १२२०, १२१०. व्होल्टेज १०.४. टर्मिनल साफ केलं, फरक ०.१. पाणी जारचं घालत होतो, चूक झाली. कार्डावर ३६+१८ लिहिलंय, त्याचा काय अर्थ? आणि तोवर ट्रॅक्टरची बॅटरी जोडली तर चालंल का?

गोदाकाठ
तिसरा सेल शॉर्ट आहे. चांगला सेल २ व्होल्टच्या थोडा वर देतो. ट्यूब्युलर भरलेली असली की एकूण १२.५ यायला हवेत. तुमच्याकडे बरोबर एका सेलएवढे कमी आहेत. हिला चार्जिंगला ठेवून उपयोग नाही.

नवी विकत घेऊ नका, कार्ड काढा. ३६+१८ म्हणजे पहिले ३६ महिने बिघाड असेल तर बदलून, पुढचे १८ महिने नव्या बॅटरीवर टक्केवारीने सूट. तुमचे २६ च झालेत. बिल, शिक्का मारलेलं कार्ड आणि ही सहा रीडिंग तारखेसह कागदावर लिहून न्या. "दोन दिवस चार्ज करून बघू" म्हणाले तर करू द्या, पण परत देताना तुमच्यासमोर सहाही सेल मोजायला लावा. पाण्याबद्दल विचारलं तर खरं सांगा. बाकीचे पाच सेल एका ओळीत आहेत, पाणी सगळ्यांत तेच गेलंय. एकट्या तिसऱ्यानेच मान टाकायचं कारण आतलंच असतं.

पाना_बारा
ट्रॅक्टरची तात्पुरती चालेल, पण ती धक्का मारायला बनवलेली असते, पातळ प्लेटांची. एक पंखा, दोन बल्ब, जास्तीत जास्त तासभर. कट होईपर्यंत ओढली तर पाच-सहा वेळांत ट्रॅक्टर ढकलायची वेळ येईल. इन्व्हर्टरमध्ये चार्जिंग करंटचं सेटिंग असेल तर कमीवर ठेवा, १० अँपिअरच्या आत.

दुकानात नेताना दोन माणसं लागतील, पाण्यासकट ५०-६० किलो असते. झाकणं घट्ट आवळा, ऑटोत उभीच ठेवा, आणि सीटवर नको, खाली. ॲसिडचा एक थेंब सीटला भोक पाडतो आणि ऑटोवाला भाड्याच्या दुप्पट मागतो.