शतावरीच्या ओल्या मुळ्या : सोलायच्या कशा आणि कल्पाला दाणा का पडत नाही?

प्रश्न : परसातल्या शतावरीच्या दोन वर्षांच्या वेलीच्या मुळ्या काढायच्या आहेत. साल पातळ आणि चिवट असते, ती कशी काढावी? ओल्या मुळ्यांचा कल्प, म्हणजे साखरेच्या पाकात आटवलेलं दाणेदार औषध, होतो का? पाक चिकटच राहिला तर कारण काय असतं? (उत्तरं ‘परसदार’ आणि ‘काढा-कल्प’ या दोघांची.)

परसदार : आदल्या दिवशी आळ्यात पाणी सोडा, म्हणजे मुळ्या तुटत नाहीत. खणताना खोडाजवळचा गड्डा चार-पाच बारक्या मुळ्यांसकट परत लावा, वेल पुन्हा फुटते. मुळ्या धुऊन उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, साल बोटांनी सुटते. मग मूळ उभं चिरून मधला दोरा ओढून टाका. तो राहिला की चूर्णात तूस येतं. साठवायच्या असतील तर तुकडे करूनच वाळवा. अख्खं मूळ वरून सुकलेलं दिसतं, आत ओल राहते आणि डब्यात बुरशी धरते. तुकडा कट्‌कन मोडला पाहिजे.

काढा-कल्प : होतो की, चांगला होतो. कल्पासाठी मात्र मुळ्या उकळू नका, कच्च्याच सुरीने खरवडा. नाहीतर सत्त्व पाण्यात जातं. दोरा काढून मिक्सरला थोड्या पाण्यात वाटा, फडक्यातून पिळा. २०० मिली रसाला ६०० ग्रॅम साखर. पातेलं मोठं घ्या, कारण शतावरीत सॅपोनिन असतं, रस साबणासारखा फेसाळून उतू जातो. गार पाण्यात थेंब टाकल्यावर घट्ट गोळी झाली की गॅस बंद करा आणि ढवळत राहा. कडेला पांढुरकं दिसू लागलं की दाणा पडायला लागला. वेलची तेव्हा घाला.

चिकट राहण्याचं मुख्य कारण कच्चा पाक. दुसरं, लिंबू किंवा गूळ घालणं. त्याने साखरेचा दाणा धरत नाही. पाक पुन्हा आचेवर ठेवला तर बहुधा सुधारतो. पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका, वाफेने गठ्ठे होतात.

परसदार : मधुमेह असेल त्यांनी कल्पाच्या वाटेला जाऊ नये, त्यात बहुतेक साखरच असते. त्यांच्यासाठी क्षीरपाक : ५ ग्रॅम चूर्ण, ४० मिली दूध, १६० मिली पाणी, मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत. बाळंतिणीला दूध वाढावं म्हणून आणि आम्लपित्तावर शतावरी परंपरेने देतात. गरोदरपणात मात्र वैद्यांना विचारूनच घ्या, आणि अ‍ॅस्परॅगस या भाजीची अ‍ॅलर्जी असेल तर अजिबात नको, दोन्ही एकाच कुळातल्या आहेत.