स्पिटफायर मार्क नऊ, जून १९४४: पट्टे, राउंडेल (हवाई दलाचं गोल चिन्ह) आणि रंग कशावरून ठरवायचे?

एलिरॉन (प्रश्न)

मंडळी, ब्रिटनमधल्या एका स्पिटफायर एलएफ मार्क नऊच्या (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) रंगकामाचा आराखडा करायचा आहे. विमान उडणार आहे, दालनात उभं राहणार नाही. मालकांना नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळचे काळे-पांढरे पट्टे हवेत. पण हे विमान त्या महिन्यात कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होतं याचा कागद नाही, म्हणजे दुसऱ्या विमानाची ओळख घ्यावी लागणार.

१) ओळख कशी निवडायची?
२) पट्ट्यांची आणि राउंडेलची नेमकी मापं काय?
३) रंगाला बीएस ३८१सी या ब्रिटिश रंगमानकाचे नंबर सांगितले की भागतं का? रडर (शेपटीचं उभं सुकाणू) कापडाचा आहे, तिथे वेगळं काही करावं लागतं का?

कागदपत्री

रंगाचा डबा शेवटी उघडा. आधी तारीख, मग विमान, मग रंग.

स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकं (कामगिरीच्या नोंदवह्या) लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत आहेत. त्यातल्या फॉर्म ५४१वर त्या दिवशी कोणत्या वैमानिकाने कोणतं विमान नेलं ते सिरियलसकट (विमानाच्या अधिकृत क्रमांकासकट) मिळतं. कोड अक्षर (स्क्वाड्रनमधलं विमान ओळखायला अंगावर रंगवलेलं) मात्र तिथे बरेचदा नसतं, ते वैमानिकाच्या लॉगबुकात किंवा फोटोत शोधावं लागतं. टंकलेखकाने सिरियलमधल्या एमजेचं एमके केलेलंही आढळतं. म्हणून सिरियल आणि अक्षर यांची जोडी दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळल्याशिवाय धरू नका. विमान त्या युनिटकडे कधी आलं, कधी गेलं हे फॉर्म ७८ या हालचाल-कार्डावर ताडून पाहा.

मग तुमच्याकडचा सांगाडा बघा. पंख सी प्रकारचा की ई? रडर गोलाकार की टोकदार? पंखांची टोकं छाटलेली की पूर्ण? उधार घेतलेल्या ओळखीचं विमान यात तुमच्यासारखंच हवं. ई पंखात २० मिमी तोफ बाहेरच्या जागेत आणि तिच्या आत अर्ध्या इंचाची मशीनगन असते. सी पंखाच्या विमानाची अक्षरं ई पंखावर रंगवलीत तर जाणकाराला पन्नास फुटांवरून कळेल.

तारीख एका आठवड्यात बसवा. पूर्ण पट्टे जूनच्या सुरुवातीला आले. जुलैच्या सुरुवातीला वरच्या बाजूचे काढायचा आदेश झाला, पुढे फक्त पोटाखालचे उरले आणि वर्ष संपता संपता तेही गेले. जानेवारी १९४५मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या सेकंड टॅक्टिकल एअर फोर्सने स्पिनर (पंख्याच्या मधली टोपी) काळे केले आणि शेपटीजवळचा स्काय (फिकट हिरवट) रंगाचा पट्टा काढून टाकला. काळा स्पिनर आणि अंगभर पट्टे असं एकत्र दिसलं तर ते दोन वेगळ्या काळांचं कडबोळं समजा.

गंजका रिव्हेट

मापं घ्या. एक इंजिनाच्या लढाऊ विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, एकूण पाच: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. म्हणजे ९० इंच. (२४ इंची पट्टे दोन इंजिनांच्या विमानांचे. तेच माप स्पिटफायरवर उतरवण्याची चूक होते.) पंखावरचे पट्टे राउंडेलपासून विमानाच्या धडाकडे ६ इंच सोडून. फ्यूजलाजवरचे (धडावरचे) टेलप्लेनच्या (शेपटीच्या आडव्या पंखाच्या) पुढे १८ इंच सोडून. राष्ट्रीय चिन्ह झाकायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून पट्टा चिन्हापाशी कापलेला दिसतो.

राउंडेल: फ्यूजलाजवर टाइप सी-१, ३६ इंच. त्यात लाल १२, पांढरा १६, निळा ३२, बाहेर पिवळा ३६. पंखाखाली टाइप सी, ३२ इंच, आतली वर्तुळं तीच, त्यामुळे स्टेन्सिलचा एकच संच चालतो. पंखाच्या वरच्या बाजूला फक्त लाल-निळा टाइप बी. शेपटीवरचा फ्लॅश (तीन उभ्या पट्ट्यांचा चौकोन) २४ बाय २४ इंच: ११ लाल, २ पांढरा, ११ निळा, लाल पुढच्या बाजूला. सिरियल ८ इंच उंच, काळा.

पट्टे घाईघाईत, बरेचसे ब्रशने ओढले गेले होते. मास्किंग टेपने सुरीसारखी धार काढू नका. खडूची दोरी मारून हाताने कड ओढा. पण मुद्दाम वाकडंतिकडंही करू नका. निवडलेल्या विमानाच्या फोटोत जितका थरथरलेला हात दिसतो तितकाच.

डोपवाला

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ऑगस्ट १९४१नंतरचा डे फायटर स्कीम म्हणजे वर डार्क ग्रीन आणि ओशन ग्रे, खाली मीडियम सी ग्रे. स्पिनर, कोड अक्षरं आणि शेपटीचा १८ इंची पट्टा स्काय रंगाचा, पंखांच्या बाहेरच्या पुढच्या कडेवर पिवळी रेघ. डार्क ग्रीनला ६४१, मीडियम सी ग्रेला ६३७, स्कायला २१० हे नंबर सुरुवातीला ठीक. पण युद्धकाळात रंग मंत्रालयाच्या नमुना-पट्ट्यांवरून जुळवत, त्यामुळे नंबर शेवटचा शब्द नाही. लाल आणि निळा तर मळकट हवेत. आजचा टपालपेटीचा लाल लावलात की सगळी मेहनत पाण्यात.

जुना पत्रा मिळाला तर पाण्याने ओल्या ६०० नंबरच्या पेपरने इंचभर जागेत तिरकी बशी घासा, एकेक थर वलयासारखा उघडा पडतो. पंख-मुळाच्या फेअरिंगखाली आणि बंदुकीच्या कप्प्यात उन्हाचा मार कमी. वरचा खडूसारखा झालेला थर काढल्याशिवाय स्पेक्ट्रोफोटोमीटर लावू नका, आकडा फिका येतो.

धातूवर एच (etch, म्हणजे धातूला धरून बसणारा) प्रायमर, इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन, असं बहुतेक करतात. आयसोसायनेटमुळे बाहेरून हवा पुरवणारा मास्क सक्तीचा समजा, साधं फिल्टर पुरत नाही. कापडाच्या रडरवर कडक पॉलियुरेथेन तडकतो, तिथे डोप (विमानाच्या कापडाला लावायचं रोगण) किंवा लवचीक मिश्रण. आणि तोच नंबर डोपमध्ये वेगळा दिसतो, म्हणून दोन्हीचे नमुने एकाच उन्हात शेजारी ठेवून मगच मंजूर करा. रडर-एलेव्हेटर रंगवल्यावर पुन्हा तोलायचं विसरू नका. मागच्या कडेला चढलेल्या रंगाच्या वजनाने मास बॅलन्स (बिजागरीभोवतीचा वजनाचा तोल) बिघडतो, त्यातून फ्लटर, म्हणजे उडताना धोकादायक थरथर.

चमकेबद्दल: अगदी मॅट नको. मर्लिन इंजिनाचं तेल आणि एक्झॉस्टची काजळी त्यात मुरते आणि घासून काढताना रंगही निघतो. सॅटिन मागा.

कागदपत्री

डोपवाल्यांशी सहमत, पण सॅटिन फोटोत ओलसर दिसतं. ६० अंशांवर मोजलेली चमक १० ते २० युनिट एवढ्यावर थांबा.

फोटो वाचताना एक सापळा आहे. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा गडद, लाल जवळजवळ काळा आणि निळा फिका उमटतो. त्यामुळे राउंडेलचं पिवळं कडं आधी शोधा. ते काळपट दिसत असेल तर त्या फोटोवरून करड्या-हिरव्याचा फरक ठरवू नका.

पूर्वरंग

थोडं अवांतर. भारतीय दुवा हवा असेल तर बर्मा आघाडीवर आठ नंबरच्या भारतीय स्क्वाड्रनने स्पिटफायर मार्क आठ उडवली. पण आग्नेय आशिया कमांडमध्ये राउंडेलमधला लाल काढून टाकला होता, जपानी लाल गोळ्याशी गफलत होऊ नये म्हणून. गडद निळ्यात फिकट निळा, एवढंच. मार्क नऊला तो वेश चढवू नका.

दुसऱ्याची ओळख घेण्यात गैर काही नाही. भारतीय हवाई दलाला २०१८ साली मिळालेला डकोटा मूळचा केएन३९७. त्याच्यावर व्हीपी९०५ हा सिरियल आहे, २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा.

एलिरॉन

धन्यवाद. नागरी नोंदणीची अक्षरं कुठे लिहायची?

गंजका रिव्हेट

ब्रिटनमध्ये जुन्या लष्करी विमानाला सीएएकडून (नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडून) सूट मिळते, मग ती बाहेर लिहावी लागत नाहीत. पण अर्जात नेमकी रंगयोजना द्यावी लागते, म्हणून रंगाआधी अर्ज करा. पत्र हातात येईपर्यंत कोड अक्षरांच्या स्टेन्सिल कापू नका.